कलाशिक्षण : साधना की श्रेणी?

पावसाळा सरता सरता महाराष्ट्रातील असंख्य शाळांमध्ये एक ओळखीचे दृश्य दिसते. आठवी-नववीची मुले रंगपेटी, पाण्याचा डबा, पट्टी-कंपास आणि जुन्या कपड्याचे फडके घेऊन परीक्षा केंद्राकडे निघालेली असतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची ही धांदल असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय, ठरलेला वेळ, ठरलेल्या आकाराचा कागद आणि शेवटी अ, ब किंवा क अशी श्रेणी. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, हे मुलांच्या आधी त्यांच्या पालकांना ठाऊक असते.

याच घरांत दोन वर्षांनी डोकावले तर दुसरे दृश्य दिसते. दहावीचा निकाल लागलेला असतो, वाढीव गुण गुणपत्रिकेत जमा झालेले असतात आणि रंगपेटी माळ्यावर गेलेली असते. कुंचल्याचे केस वाळून ताठ झालेले असतात. पाचव्या वर्षी ज्या हाताने घरातील एकही भिंत कोरी ठेवली नव्हती, तोच हात पंधराव्या वर्षी सहजपणे म्हणतो, ‘आता चित्रं काढायला वेळ कुठे आहे?’ घरातील कोणालाही त्याचे फारसे वाईट वाटत नाही. परीक्षा झाली, गुण मिळाले, विषय संपला!

या मुलाला चित्र काढायला शिकवणारे पुष्कळ होते. मग चित्र काढणे थांबवायला त्याला कोणी शिकवले, हा प्रश्न प्रत्येक सुजाण पालकाने आणि शिक्षकाने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

त्यावर दोन तयार उत्तरे नेहमी ऐकू येतात. कला ही उपजत असते, ती शिकवता येत नाही, कलाशाळेत गेलेल्या मुलाची प्रतिभा साच्यात घालून मारली जाते, हे एक उत्तर. रीतसर शिक्षणाविना कला म्हणजे निव्वळ हौस, असे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत आणि म्हणूनच दोन्ही घातक आहेत. पहिल्याने शिक्षक निष्काळजी होतो, तर दुसऱ्याने पालक निर्धास्त होतो.

फळाच्या आशेने सुकलेले झाड

या संदर्भात 1973 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उद्बोधक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातील बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो केला. चित्रे काढण्याची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षे वयाची मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की, चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही, मात्र चित्र पूर्ण झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्या गटाला काही सांगितलेही नाही आणि दिलेही नाही. त्यानंतर काही दिवसांनी वर्गात रंग आणि कागद पुन्हा मांडून ठेवले आणि कोणते मूल आपण होऊन किती वेळ चित्रे काढते, हे पाहिले. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केले होते, त्यांनी इतर दोन गटांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला.

या प्रयोगातील दुसरा गट विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. अनपेक्षित कौतुकाने त्या मुलांच्या आवडीला बाधा आली नाही. म्हणजे घातक ठरले ते कौतुक नव्हे. ‘अमुक केलेस तर तमुक देऊ’ हा सौदा घातक ठरला. ज्या कामात मूल स्वतःला विसरून रमत होते, ते काम सौद्यात आल्यावर मजुरीचे झाले. मजुरी थांबताच काम थांबले, हे स्वाभाविकच आहे. फळाची आसक्ती कर्माला कशी पोखरते, हे या देशाला कुरुक्षेत्रावर सांगितले गेले होते. प्रयोगशाळेतील पुरावा हाती आल्यावर तरी दहावीच्या वाढीव गुणांकडे पाहण्याची दृष्टी बदलायला हरकत नसावी.

अर्थात, या परीक्षांची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. अनेक दशके याच परीक्षांनी खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत रंग आणि कुंचला पोहोचवला. चित्रकार होण्याचा रस्ता असतो, हे कित्येक मुलांना या परीक्षेमुळेच प्रथम कळले. गुण काढून टाकले तर उद्या अनेक शाळा चित्रकलेचा तासच काढून टाकतील, ही भीतीही निराधार नाही. दोष परीक्षा असण्यात नाही, परीक्षा हेच प्रयोजन होऊन बसण्यात आहे.

तेवीस पायऱ्यांचा जिना

हे प्रयोजन असे का झाले, याचे मूळ आपल्या कलाशाळांच्या जन्मकथेत आहे. मद्रासला 1850 मध्ये, कलकत्त्याला 1854 मध्ये आणि मुंबईला 1857 मध्ये कलाशाळा सुरू झाल्या. मुंबईची शाळा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभी राहिली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. दानशूराचा हेतू उदात्त होता. परंतु या शाळांमध्ये जे शिकवले गेले, त्याचा आराखडा लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे तयार झाला होता. तो आराखडा होता तेवीस टप्प्यांचा. आधी सरळ रेषा, मग भौमितिक आकृत्या, मग छापील नमुन्यांच्या नकला, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांचे छायांकन, अशा क्रमाने विद्यार्थ्याने एकेक पायरी चढायची. कारखान्यांना कुशल आरेखक पुरवणे हा त्यामागचा एक प्रमुख उद्देश होता.

यातील विसंगती मार्मिक आहे. 1851 च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात भारतीय कारागिरांच्या वस्त्रांनी आणि नक्षीकामाने इंग्रज कलाभ्यासक थक्क झाले होते. ओवेन जोन्स यांनी 1856 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अलंकरणशास्त्रावरील ग्रंथात भारतीय नक्षीचा गौरव केला. ज्यांच्या रंगसंगतीचे धडे इंग्लंडने गिरवावेत असे इंग्लंडमधीलच जाणकार म्हणत होते, त्यांच्याच मुलानातवंडांना रंगसंगती शिकवण्यासाठी इंग्लंडहून अभ्यासक्रम आला! या अभ्यासक्रमातील रेखाटनाचे तंत्र चुकीचे नव्हते. परंतु विद्यार्थ्याच्या घरात, देवळात, अंगणात जे होते त्याला ‘कला’ म्हणत नाहीत, कला तीच जी प्लॅस्टरच्या ग्रीक पुतळ्यात असते, हा न शिकवताही शिकवला गेलेला पाठ खोलवर रुजला. उमेद मारणारी गोष्ट तंत्राची शिस्त नव्हे, मुळापासून तुटणे ही आहे.

शाळेचे मंदिर करणारे

तंत्राची शिस्त प्रतिभेला मारत नाही, याचे दाखले त्याच मुंबईच्या शाळेत आहेत. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ हे नऊवारीतील तरुणीचे नितांतसुंदर शिल्प घडवले, ते 1896 च्या सुमारास, विद्यार्थिदशेत. मानवी देहाचा अभ्यास त्यांना पाश्चात्त्य पद्धतीने मिळाला होता. मात्र पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ती शालीन पावले त्यांची स्वतःची, मराठी घरातील होती. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 मध्ये याच शाळेत दाखल झाले आणि तेथेच विद्यार्थी, शिक्षक आणि अखेरीस काही काळ संचालक अशा नात्यांनी राहून 1931 मध्ये निवृत्त झाले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. सरकारी शाळेला मंदिर म्हणावेसे वाटणे, यातच त्यांची वृत्ती दिसते. त्याच शाळेतून शिकून कोल्हापूरला परतलेले आबालाल रहिमान मानसन्मानाच्या मागे न लागता रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या परिसरातील प्रकाश रंगवत राहिले.

उलट बाजूने पाहावे तर राजा रविवर्मा कोणत्याही कलाशाळेत गेले नव्हते. त्रावणकोरच्या राजवाड्यात पाहून, विचारून, चुकत-माकत त्यांनी तैलरंग आत्मसात केले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सुतारकाम करणाऱ्या मेस्त्री घराण्यात जन्मले. कलाशाळेची पायरी न चढता ते चित्रकार झाले, शिल्पकार झाले, चलच्चित्राचा कॅमेरा तयार करण्यापर्यंत त्यांची मजल गेली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून त्यांनी व्ही. शांताराम यांच्यासारखे शिष्य घडवले. शाळेत जाऊन मोठे झालेले आणि शाळेत न जाता मोठे झालेले, अशा दोघांच्या आयुष्यांतून एकच गोष्ट निघते. पदवी असो वा नसो, या सर्वांना कठोर सराव होता आणि स्वतःचा विषय स्वतःच्या मातीतून सापडला होता. यातील एक जरी हरवले तरी पदवी कागदावर उरते आणि उमेद आटते.

अजिंठ्याकडे जाणारी वाट

शिक्षणसंस्थाच मुळाकडे वळली तर काय घडते, याचा वस्तुपाठ अजिंठ्याने दिला आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत, मधले काही खंड वगळता, आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. वाघुर नदीच्या त्या घळीत अंधाऱ्या लेण्यांमध्ये बसून या विद्यार्थ्यांनी आपल्याच पूर्वजांची रेषा प्रथम गिरवली. त्यातील अनेक प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत नष्ट झाल्या, तरी त्या कामाचे मोल कमी होत नाही. अजिंठा विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून राहावा, अशी ग्रिफिथ्स यांची इच्छा होती. तथापि अभ्यासक्रमाचा कणा मात्र पाश्चात्त्य वास्तवदर्शी रेखाटनाचाच राहिला.

कलकत्त्यात ई. बी. हॅवेल यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. युरोपीय चित्रांच्या दुय्यम नकला बाजूला सारून त्यांनी भारतीय चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवली. तेव्हा त्यांना विरोध केला तो तेथील विद्यार्थ्यांनी आणि वृत्तपत्रांनीच! आपल्याला मुद्दाम मागास ठेवले जात आहे, असे त्यांना वाटले. आत्मविस्मृती किती खोल गेली होती, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. मात्र अवनींद्रनाथ ठाकूर हॅवेल यांच्याबरोबर उभे राहिले आणि त्यांच्या हाताखाली नंदलाल बोस तयार झाले. लेडी हेरिंगहॅम अजिंठ्याच्या प्रतिकृती करण्यासाठी आल्या, तेव्हा या तरुण बंगाली चित्रकारांनी तेथे गेलेच पाहिजे, असा आग्रह भगिनी निवेदितांनी धरला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, स्वामी विवेकानंदांच्या या शिष्येला जे दिसले, ते अनेक भारतीयांना दिसत नव्हते. अजिंठ्याच्या त्या मुक्कामाने नंदलालांची रेषा कायमची बदलली.

हेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनमधील कलाभवनाचे प्रमुख झाले. 1919 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत वर्गाच्या चार भिंतींपेक्षा झाडाखालचे रेखाटन, गावातील हाट, संथाळ वस्तीतील माणसे आणि ऋतूंचे उत्सव यांना मोठे स्थान होते. शिक्षक विद्यार्थ्यांसमवेत स्वतः काम करीत. 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी फलक रंगवले, त्यांत लोहार, सुतार, ढोलकीवाला, कांडण करणारी स्त्री अशी कष्टकरी माणसे आहेत. आणि भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवण्याची वेळ आली, तेव्हा ते काम नंदलाल आणि त्यांच्या सहकारी-शिष्यांकडे आले. उद्देशिकेचे पान त्यांचे शिष्य, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी सजवले. मूलभूत हक्कांच्या भागावर श्रीराम, सीता आणि लक्ष्मण आहेत आणि पुढील एका भागावर छत्रपती शिवाजी महाराज आहेत. हे घडले ते एका औपचारिक कलासंस्थेतून. संस्था आणि प्रतिभा यांत वैर असतेच, हे मत या एका उदाहरणाने खोटे ठरते.

बंधनातील मुक्ती

भारतीय परंपरेत कलाशिक्षण म्हणजे मनमुराद स्वैरता, असा समज करून घेण्याचेही कारण नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मूर्तिविद्या शिकू इच्छिणाऱ्या राजाला मार्कंडेय ऋषी सांगतात की, त्यासाठी आधी चित्र समजले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही चित्राची षडंगे सांगणारी परंपराही नियमांचीच आहे. साउथ केन्सिंग्टनच्या तेवीस पायऱ्यांइतकीच ती काटेकोर आहे. फरक आहे तो दिशेचा. तेथे एकेक कौशल्य सुटे केले जात होते, येथे एक कला दुसरीशी आणि सर्व कला जीवनाशी जोडल्या जात होत्या.

ही जोडणी आजही पाहायला मिळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा टिकवली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकेक करून पुढे धरायची, गात-वाजवत कथा सांगायची. चित्र, गीत, वाद्य आणि कथन तेथे वेगळे विषय नाहीत. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत मूल आधी माती मळते, मग साचा दाबते, मूर्ती घासून गुळगुळीत करते, रंगाचा हात देते आणि वर्षांनुवर्षे पाहिल्यावर कधीतरी त्याच्याकडे डोळ्यांची आखणी येते. त्या दिवसाची वाट पाहणे, हेच त्याचे शिक्षण असते. तेथे श्रेणी देणारा परीक्षक नसतो, मात्र बाजूला बसलेल्या वडीलधाऱ्याची नजर चुकवता येत नाही. अशा ठिकाणीही साचेबद्धपणाचा धोका असतोच, हे नाकारता येणार नाही. पण तेथील शिस्तीमागे कोणाची तरी भक्ती वाट पाहत असते, म्हणून ती जाचत नाही.

डोळा जागा ठेवणारे शिक्षण

कलाशिक्षणाचे फलित केवळ चित्रकार निर्माण होण्यात मोजणे हीदेखील चूक आहे. 1957 मध्ये आगगाडीने जाताना डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांना भोपाळच्या दक्षिणेला डोंगरावरचे विलक्षण आकाराचे खडक दिसले. ते पुढच्या स्थानकावर उतरले, पायी तेथे गेले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगासमोर आली. त्या मार्गाने रोज शेकडो प्रवासी जात होते. खिडकीतून तेच खडक सर्वांना दिसत होते, परंतु वाकणकर चित्रकार होते. पाहण्याची सवय लागलेला डोळा त्यांच्याजवळ होता. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. उज्जैनमध्ये कलेचे शिक्षण देणारे हेच हरिभाऊ वाकणकर 1981 मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या संस्थापकांपैकी एक होते. संस्कार भारतीची रांगोळी आज महाराष्ट्रातील चौकाचौकांत पाडव्याच्या शोभायात्रेच्या स्वागताला उमटते. ती काढणाऱ्या भगिनींपैकी बहुतेकींजवळ कलेची पदवी नसते. त्या एकमेकींकडून शिकतात, पहाटे एकत्र काढतात आणि दुपारपर्यंत ती पावलांखाली पुसली जाणार हे त्यांना माहीत असते. तरीही पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतात. सौदा नसला की उमेद कशी टिकते, याचे हे घरोघरचे उदाहरण आहे.

आज बदलाला अनुकूल काळ आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातील आणि अभ्यासक्रमेतर यांच्यातील कठोर भिंती दूर करण्याची भूमिका घेतली आहे. मुंबईच्या ज्या कलाशाळेने 1857 पासूनचा इतिहास पाहिला, तिला 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि स्वतःचा अभ्यासक्रम ठरवण्याची वाट मोकळी झाली. परंतु धोरणे कागदावरच राहतात, जोपर्यंत शाळेत चित्रकलेचा पूर्णवेळ शिक्षक नसतो, त्याचा तास गणिताच्या सरांना ‘पोर्शन’ संपवण्यासाठी दिला जातो आणि घरी ‘चित्र काढून पोट भरणार आहे का?’ हा प्रश्न विचारला जातो. संस्थाचालकांनी हा तास राखावा. शिक्षकांनी मुलांना वर्षातून एकदा तरी जवळच्या लेण्यात, देवळात, कुंभाराच्या चाकाशी, विणकराच्या मागाशी बसवून रेखाटन करू द्यावे. स्मरणचित्रात पाठ केलेली बाजाराची तीच ती चौकट काढणाऱ्या मुलाला त्याच्या स्वतःच्या गावचा बाजार विचारावा.

आणि पालकांनी एकच करावे. इंटरमिजिएटचा निकाल लागला की पेढे अवश्य वाटावेत, पण रंगपेटी माळ्यावर टाकू नये. ती मुलाच्या हाताशी राहू द्यावी आणि त्याने काढलेल्या पुढच्या चित्राला, ज्याला कोणतेही गुण नाहीत, घरातील भिंतीवर जागा द्यावी. भिंत कधी काळी त्याचीच होती.